कडता

११ जून २००७, सोमवार. पाड्यावर मुलांची वजनं घेण्याचं काम चाललं होतं.

अंगणवाडीला खोली नव्हती, एका घराच्या ओटीवर भरायची. ओटीच्या तुळईला काटा टांगलेला. वर गोल तबकडी, खाली लोखंडी हूक, हुकाला झोळी. झोळीत मूल बसवायचं. त्याचं हातपाय झाडणं थांबलं की सुई थांबते, मग आकडा वाचायचा. सेविका यमुनाबाई वाचत होती, मी लिहीत होते. मी पर्यवेक्षिका. डोंगराकडच्या तेवीस अंगणवाड्या माझ्याकडे. नोकरीला बावीस वर्षं झाली होती आणि त्या बावीस वर्षांत मी मुख्यतः एकच काम केलं होतं. दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं लिहिणं.

माझं स्वतःचं वजन एकशे चौतीस किलो होतं. परवाच्या शनिवारी ते कमी करण्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. झालं नाही. मंजुरी आली नव्हती.

जीप आली. साहेब उतरले, मागून जिल्ह्याचे दोन पाहुणे. साहेब म्हणजे आमच्या प्रकल्पाचे अधिकारी. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. वडील अधिकारी, सासरे अधिकारी. बोलणं गोड, बूट नेहमी पुसलेले. मी ओटीच्या कडेवर बसले होते. खुर्चीवर मी बसत नसे. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या माझ्याखाली मोडल्या होत्या.

साहेबांनी काट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पाहुण्यांकडे.

"यमुनाबाई, पोरांना काय लटकवता? एकदा आमच्या बाईंना लटकवा या काट्याला. सुकडी कुठे जाते ते तरी कळेल."

सुकडी म्हणजे मुलांच्या वाटणीचा खाऊ. सरकारकडून पोत्यांनी येणारा.

पाहुणे हसले. ड्रायव्हर हसला. साहेब हसले म्हणून ओटीवरच्या आया हसल्या. यमुनाबाईने पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलत होते. आणि मी हसले. हे मला लिहायचंच आहे. त्या ओटीवर सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

"मनाला लावून घेऊ नका हं बाई," साहेब म्हणाले. "तुमच्या लोकांत एवढं धडधाकट कुणी बघितलं की बरं वाटतं."

तुमच्या लोकांत. मी ऐकलं. ऐकून पुन्हा हसले.

जाताना त्यांनी रजिस्टर चाळलं. "झोळी वजा करत नाही ना?"

"नाही साहेब."

याचा अर्थ सांगते. काट्यासोबत आलेल्या कापडी झोळ्या कधीच फाटल्या होत्या. यमुनाबाईच्या नवऱ्याने जुन्या ताडपत्रीची झोळी शिवून दिली होती, वर दोन लाकडी दांडे. मजबूत. पण तिचंच वजन सहाशे ग्रॅम. पूर्वी आम्ही आकडा वाचायचो आणि झोळी वजा करून लिहायचो. हे साहेब आल्यावर त्यांनी तोंडी सांगितलं, वजा करायची नाही. कागदावर नाही, तोंडी. मुलांच्या वजनाच्या चार श्रेण्या होत्या. तिसरी आणि चौथी म्हणजे धोका. त्या मुलांना दुप्पट आहार, डॉक्टर, वर अहवाल, वरून विचारणा. सहाशे ग्रॅममध्ये तिसऱ्या श्रेणीतलं मूल दुसरीत जातं. काही खायला न घालता.

त्या दिवशी शेवटी जनी नावाची मुलगी झोळीत बसली. चौदा महिन्यांची. आईबाप दिंडोरीकडच्या द्राक्षबागांवर कामाला होते, भाताच्या लावणीसाठी नुकते परत आलेले. जनी रडली नाही. रडण्याइतकी तिच्यात ताकद नव्हती.

"सहा किलो सहाशे," यमुनाबाईने वाचलं.

मी लिहिलं, सहा किलो सहाशे. दुसरी श्रेणी.

मी हरसूलकडची. कोकणा आदिवासी. भात कापून झालं की माझे आईबाप नाशिककडे मळ्यांवर मजुरीला जायचे आणि मला आश्रमशाळेत ठेवायचे. तिथे मला काडी म्हणत. नोकरी लागली तेव्हा मी अठ्ठेचाळीस किलोंची होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर थायरॉइड निघालं. मग पिशवी काढली. मग दम्यासाठी वर्षानुवर्षं गोळ्या. हे सगळं मी पूर्वी लोकांना सांगत असे. एसटीत शेजारी बसणाऱ्या बाईलासुद्धा. तिने जागा कमी पडते म्हणून सुस्कारा सोडला की मी लगेच सुरू करायचे, थायरॉइड आहे हो मला. जसं काही मी गुन्हा केलाय आणि ही माझी साक्ष. आता सांगत नाही. इथे लिहिलं ते शेवटचं.

फेब्रुवारीत नवरा मला नाशिकला एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेला होता. मुंबईचे एक सर्जन तिथे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येत आणि ही ऑपरेशनं करत. माझा नवरा प्राथमिक शिक्षक. बोलणं कमी. सर्जनने मला विचारलं, झोप कशी लागते? मी म्हटलं, चांगली लागते, दिवसासुद्धा लागते. तेव्हा नवरा म्हणाला, "झोपेत हिचा श्वास थांबतो. मी मोजतो. कधी वीस म्हणेपर्यंत येत नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिले. मला हे माहीत नव्हतं.

"कधीपासून मोजताय?" सर्जनने विचारलं.

"दोन वर्षं झाली."

सर्जनने पेन खाली ठेवलं. "बाई, साखर आहे, दाब आहे, गुडघे गेलेत, ते सगळं असू दे. पण हा श्वास एक दिवस परत येणार नाही. वाट बघू नका."

वाट बघू नका. आणि तिथून वाट बघणंच सुरू झालं.

आमच्या पगारात ते ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. सरकारी कर्मचाऱ्याला मंजुरी मिळू शकत होती, पण आधी. मंजुरीचं पत्र हातात असेल तरच शनिवारच्या यादीत नाव. माझा अर्ज साहेबांच्या शिफारशीने जिल्ह्याला जाणार, तिथून वैद्यकीय मंडळाकडे, आणि तसाच उलट्या वाटेने परत. मार्चमध्ये अर्ज दिला. एप्रिलअखेर फाईल परत आली. वर शेरा होता: सदर शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धक स्वरूपाची दिसते, खुलासा करावा.

मी तो शेरा दोनदा वाचला. चव्वेचाळीस वर्षांची बाई, पायात दोन आकडे मोठ्या पुरुषी चपला, कारण बायकांच्या चपलांत पाऊल मावत नाही. सौंदर्यवर्धक.

सर्जनचं पत्र आणलं, जोडलं, पाठवलं. जूनच्या शनिवारला नाव लागलं. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं असतं, आतलं लिव्हर आकसावं म्हणून. ताक, डाळीचं वरचं पाणी, गाळलेली नाचणीची पेज. मी ते चौदा दिवस केलं. याच दिवसांत मी सुकडीची पोती उतरवून घेत होते, उघडून बघत होते, वास घेऊन खराब नाही ना ते तपासत होते. चिमूटभर तोंडात टाकली नाही. गुरुवारी दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला.

"मॅडम, पत्र आलं का?"

"नाही आलं."

"मग मी तुमचं नाव जुलैला टाकते हं. पातळ बंद करा. जुलैच्या आधी परत चालू करा."

पातळ बंद करा. नळ बंद करा म्हणावं तसं. त्यानंतरच्या सोमवारी साहेब मला काट्याला लटकवा म्हणाले.

जूनअखेर फाईल दुसऱ्यांदा परत आली. अर्जदाराच्या वजनाचा शासकीय दाखला जोडावा. खाजगी दवाखान्याचा आकडा चालणार नव्हता. मी सरकारी दवाखान्यात गेले. तिथला उभा काटा एकशे वीसपर्यंत. मी चढले. सुई एकशे वीसला जाऊन टेकली आणि तिथेच थरथरत राहिली.

"उतरा, उतरा, स्प्रिंग जाईल," तिथला माणूस ओरडला.

मी उतरले. रांगेतली माणसं वाकून तबकडी बघत होती.

"एकशे वीसपेक्षा जास्त असं लिहून द्या," मी म्हटलं.

"असं नाही लिहिता येत. नेमका आकडा पाहिजे. तुम्ही असं करा, कांद्याच्या काट्यावर जा. वजनमापे खात्याचा शिक्का असतो त्यावर, म्हणजे सरकारीच झालं की. पावती आणा, मी त्यावरून दाखला देतो."

त्याने हे टिंगलीत म्हटलं नाही. मदत म्हणून म्हटलं. ते जास्त लागलं.

माझ्या नवऱ्याच्या शाळेतल्या एका शिक्षकाचे मेहुणे चांदवडच्या रस्त्यावर कांद्याचे व्यापारी होते. त्यांच्या खळ्यावर गेलो. खळं म्हणजे कांदा ओतायचं, निवडायचं, गोण्या भरायचं मोठं पत्र्याचं शेड. एका बाजूला ट्रॅक्टर, एका बाजूला कांदा निवडणाऱ्या वीसेक बाया, मधोमध जमिनीलगत लोखंडी काटा. नवरा बाहेर थांबतो म्हणाला. मी म्हटलं थांब.

मापारी म्हातारा होता. डोक्याला उपरणं, कानावर पेन. गोण्यांची रांग थांबवून त्याने मला म्हटलं, "या ताई. चढा. भिऊ नका, हा चारशेपर्यंत जातो."

बाया हातातले कांदे सोडून बघायला लागल्या.

"आवो बाई, चपला काढा, नायतर भाव कमी लागंल," एक म्हणाली.

"माल एक नंबर हाय पण," दुसरी.

"निर्यातीचा!"

सगळं शेड हसलं. मी चपला काढल्या. काट्यावर कांद्याची सालं चिकटली होती, ती पायाला लागली. मापाऱ्याने सवयीने आकडा मोठ्याने पुकारला, पलीकडे लिहिणाऱ्याला ऐकू जावा म्हणून.

"एकशे चौतीस चारशे!"

पलीकडच्या माणसाने तो पुन्हा पुकारला. "एकशे चौतीस चारशे!" शेडभर माझं वजन दोनदा फिरलं. मापारी पावती लिहायला बसला. छापील पावती. शेतकऱ्याचे नाव, तिथे माझं नाव. मालाचा प्रकार, तिथे तो थांबला.

"इथं काय लिहू ताई?"

"काहीही लिहा," मी म्हटलं.

त्याने विचार करून लिहिलं: बाई. मग पुढचे रकाने हाताच्या वेगाने भरले, सही केली, शिक्का मारला. मी पावती घडी घालून पर्समध्ये ठेवली. वाचली नाही. मला तिथून बाहेर पडायचं होतं.

सरकारी दवाखान्यातल्या माणसाने पावतीचा शेवटचा आकडा बघून दाखला दिला. मी तोही वाचला नाही. बावीस वर्षं वजनं लिहिणारी बाई, स्वतःचं वजन मी दोनदा न वाचता पुढे पाठवलं.

जुलैचा शनिवार गेला. त्याआधी पुन्हा चौदा दिवस ताक. ऑगस्टचा गेला. पुन्हा ताक. तिसऱ्या वेळी मी पाड्याच्या चढावर खाली बसले आणि उठता येईना. यमुनाबाई आणि जनीची आई, दोघींनी काखेत हात घालून उठवलं. जनी आईच्या पाठीला बांधलेली होती. तिचं डोकं माझ्या तोंडासमोर आलं. केस तांबूस, विरळ, टाळू दिसत होती.

"बाई, तुम्ही नका चढू," यमुनाबाई म्हणाली. "मी पोरं खाली आणते ना. लय वाईट दिसताय तुम्ही."

त्या दिवसांत मी झोपायला घाबरत होते. भिंतीला टेकून बसून झोपायचे. दिवसा कुठेही डोळा लागायचा. तालुक्याच्या बैठकीत लागला. जाग आली तेव्हा सगळे शांत होते आणि माझ्याकडे बघत होते. मी घोरत होते. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

"उठवू नका," ते म्हणाले. "पोषण आहार पचतोय."

चाळीस बायका हसल्या. मी हसले. हसताना धाप लागली.

वीस ऑगस्टला ऑफिसात बोलावणं आलं. फाईल तिसऱ्यांदा परत. आमच्या ऑफिसातल्या लिपिकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबांनी फाईल माझ्यासमोर उघडून ठेवली आणि शेरा वाचून दाखवला. "सर्जन यांचे प्रमाणपत्र व शासकीय दाखला यांतील वजनात तफावत आहे. अर्जदाराने खुलासा करावा." मग चष्म्यावरून बघितलं. "सर्जन म्हणतात एकशे चौतीस. दाखला म्हणतो एकशे बत्तीस. दोन किलो कुठे गेले बाई? रस्त्यात सांडले?"

मी पावती हातात घेतली. पहिल्यांदा नीट वाचली.

मालाचा प्रकार: बाई. एकूण वजन: १३४ किलो ४००. कडता: २ किलो. निव्वळ वजन: १३२ किलो ४००.

कडता. कांद्याच्या धंद्यात हा शब्द पोरालाही माहीत असतो. गोणीचं बारदान, माती, साल, सडका-फुटका कांदा, यांच्यापोटी मालाच्या वजनातून काही किलो कापून घेतात, त्याला कडता म्हणतात. शेतकरी भांडतात, तरी कापतात. मापाऱ्याने वाईट हेतूने केलं नव्हतं. आयुष्यभर त्याच्या हाताने प्रत्येक वजनातून कडता कापला होता. माझ्यातूनही कापला. माझ्यातली माती आणि साल वजा करून उरलेली बाई त्याने निव्वळ म्हणून लिहिली.

"खुलासा आज दिलात, साहेबांची सही झाली, तर सप्टेंबरला सापडेल," भाऊसाहेब म्हणाले. "नाहीतर साहेब ट्रेनिंगला चाललेत पंधरा दिवस."

मी बाहेरच्या बाकावर बसून खुलासा लिहायला घेतला. सरकारी भाषा मला येते.

"सदर पावतीत कडता म्हणून दोन किलो वजा करण्यात आले आहेत. कडता हा बारदान व मातीपोटी वजा करतात. माझ्या बाबतीत बारदान नव्हते. मी गोणी नाही. सबब माझे खरे वजन..."

खरे वजन. इथे पेन थांबलं.

मला ताडपत्रीची झोळी दिसली. दोन लाकडी दांडे. सहाशे ग्रॅम.

माझ्या अंगातून नसलेलं बारदान कापलं म्हणून मी इथे बसून खुलासा लिहीत होते. आणि जनीच्या अंगात नसलेली झोळी मी दर महिन्याला तिच्या नावावर चढवत होते. माझं वजन दोन किलोंनी चुकलं म्हणून माझी फाईल अडली. जनीचं सहाशे ग्रॅमनी चुकलं म्हणून तिचा दुप्पट आहार अडला, डॉक्टर अडला. तिची फाईलसुद्धा नव्हती. तिला कुणी तफावत आहे म्हणून कळवणार नव्हतं. तिचा आकडा माझ्या अक्षरात होता.

माझ्यावर अन्याय करणारे कोण, हे मला तोंडपाठ होतं. मी स्वतः कुणाच्या काट्याशी उभी आहे, हे मी कधी बघितलंच नव्हतं. साहेब म्हणायचे सुकडी बाईंच्या पोटात जाते. नव्हती जात. पण जनीची दुसरी वाटणी माझ्या पेनाने थांबवली होती, आणि तिच्यासारख्या कितीजणांची. मग मी चोरी केली नाही हे कोणत्या तोंडाने म्हणत होते?

मी वाक्य पूर्ण केलं. सबब माझे खरे वजन एकशे चौतीस किलो चारशे ग्रॅम धरावे. सही केली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांनी वाचलं. "मी गोणी नाही! वा. बाई, तुम्ही कथा लिहा."

"सही पाहिजे साहेब. आज गेलं तर सप्टेंबरच्या शनिवारला सापडेल."

"करतो की." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, कागदावर टेकवलं नाही. "पुढच्या आठवड्यात, मी ट्रेनिंगला असताना, मुंबईहून पथक येतंय. तुमच्या बीटात, तेवीसच्या तेवीस अंगणवाड्यांत, सहा महिने तिसरी-चौथी श्रेणी शून्य. तसंच राहू द्या. लाल शेरा नको. तुमचं वजन मी सांभाळतो, मुलांचं तुम्ही सांभाळा."

आणि हसले. हसून माझ्याकडे बघत राहिले. ते माझ्या हसण्याची वाट बघत होते. बावीस वर्षांत अशा प्रत्येक वेळी मी ते वेळेवर पोचवलं होतं.

मी हसले नाही.

एवढंच झालं. पण त्या खोलीत ते मोठं झालं. साहेबांचं हसू तोंडावर अडकलं.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"साहेब, या महिन्यापासून मी झोळी वजा करणार."

"कशाला?"

"ती मुलाच्या अंगात नसते."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. शांतपणे. आवाज चढवला नाही. त्यांना कधी चढवावा लागला नव्हता.

"मग तुमची फाईलपण झोळीतच राहील, बाई."

"राहू द्या."

मी बाहेर आले. शूर वगैरे वाटलं नाही. जिन्यावर तीन वेळा थांबले. तिसऱ्या वेळी कठडा धरून उभी राहिले आणि मला परत वर जाऊन हसावंसं वाटलं. खरंच वाटलं. वर जावं, म्हणावं, साहेब गंमत केली हो, आणि सही घ्यावी. मला मरायचं नव्हतं. धाकटी मुलगी अकरावीत होती. वर जायचे पायही नव्हते माझ्याकडे, हेही खरं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. त्याचा हात भातात थांबला.

"म्हणजे सप्टेंबर गेला."

"गेला."

"ऑक्टोबर?"

"तोही जाईल. त्यांची सही होईपर्यंत सगळेच जातील."

"मग मी मोजत राहतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाड्यावर गेले. चढावर चारदा बसले. यमुनाबाईने काटा टांगला होता, आया जमल्या होत्या. पहिलं मूल झोळीत घालायला यमुनाबाई वळली, मी तिला थांबवलं.

"आधी रिकामी लाव."

रिकामी झोळी हुकाला लावली. सगळ्या बघत होत्या. सुई सहाशेवर थांबली.

"वाच."

"सहाशे ग्रॅम," यमुनाबाईने वाचलं, मग हळू आवाजात म्हणाली, "साह्यबांनी नको सांगितलंय ना."

"मी सांगते. प्रत्येकातून सहाशे वजा. तू वाच, मी वजा करते."

जनी आली. झोळीसकट सहा किलो दोनशे. मी लिहिलं, पाच किलो सहाशे. श्रेणीच्या रकान्यात तीन. लाल पेनाने.

जनीची आई वाचायला शिकलेली नव्हती, पण लाल रंग तिला कळत होता. ती रजिस्टरवर वाकली.

"एका महिन्यात एवढी बारीक झाली का वो बाई पोरगी?"

"बारीक पहिल्यापासूनच होती," मी म्हटलं. "मी खोटं लिहीत होते."

जनीची आई माझ्याकडे बघत राहिली. तिने मला माफ केलं नाही, आणि मी माफी मागितलीही नाही.

त्या ओटीवर एकोणीस मुलं होती. सात तिसऱ्या श्रेणीत निघाली, दोन चौथीत. मी प्रत्येक पानाखाली सही केली. आद्याक्षरं नाही, पूर्ण नाव. अहवालाच्या दोन प्रती केल्या. एक साहेबांना. दुसरी पर्समध्ये, कांद्याच्या पावतीच्या घडीत. पथकाच्या हातात मी ती स्वतः देणार होते, आणि त्यांनी विचारलं तर पावतीसुद्धा दाखवणार होते.

पुढच्या पाड्यावर अजून सव्वीस मुलं होती. मी यमुनाबाईला म्हटलं, "काटा उतरव, चल." काठी घेतली आणि चढायला लागले.